आमचं तसं नाही

सरांचं नाव परब नाही. मी बदललंय. त्यांच्या मुलीचं नाव सायली नाही आणि नातीचं ईशा नाही. भोईवाडा तेवढा भोईवाडाच ठेवलाय, कारण सरांना दुसरीकडे कुठे बसवलं तर ते सर वाटतच नाहीत. पहिल्यांदा मी हे सगळं खऱ्या नावांनी लिहिलं होतं, एका बैठकीत, नेहमीसारखं धडाधड. आणि टाकायच्या आधी बोट थांबलं. अख्खं परत वाचलं, मग एकेक नाव शोधून बदलत बसले. असं घाबरायला मला सरांनीच शिकवलं. ते आमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं.

सिलॅबसमध्ये होता 'अमेरिकन राजकीय विचार'. एम.ए.चं दुसरं वर्ष, ऑप्शनल पेपर, आम्ही नऊ जण. त्यातल्या पाच जणांनी तो फक्त एवढ्यासाठी घेतला होता की लेक्चर सकाळी सातला असतं आणि मग नऊला ऑफिसला पळता येतं. मीही त्यातलीच. लालबागहून परळला चालत जायचे, अर्धी झोपेत. पहिल्या दिवशी एक उंच, किडकिडीत माणूस वर्गात आला, पांढरा फुलशर्ट, बाह्या बरोबर दोनदा दुमडलेल्या. खिशातून चष्म्याची केस काढली, केसमधून खडू काढला आणि फळ्यावर लिहिलं, 'आमचं तसं नाही'. चष्मा शर्टाच्या खिशात सुटा, त्यामुळे काचांवर नुसते चरे. खडू मात्र मखमलीवर.

"हे वाक्य तुमच्या घरात कोण बोलतं?" सरांनी विचारलं आणि डोळे मिटले.

ही त्यांची सवय. प्रश्न विचारला की डोळे मिटायचे, आणि कोणीतरी उत्तर देईपर्यंत उघडायचेच नाहीत. एकदा नीट चार मिनिटं तसे उभे होते, मी घड्याळ लावून बघितलंय. त्या दिवशी मलाच राहवलं नाही.

"सर, आई बोलते."

"कधी?"

"शेजारच्यांच्या मुलीने पळून जाऊन लग्न केलं तेव्हा. म्हणाली, आमच्यात तसं नाही."

डोळे उघडले. "आणि हे बोलताना फोनवर काय चाललंय तुझं?"

"नोट्स घेतेय सर."

"एवढ्या फास्ट? ठीक आहे. तू टायपिस्ट."

झालं, तेव्हापासून मी टायपिस्ट. माझं खरं नाव सरांना माहीत होतं की नाही, मला आजही शंका आहे.

पहिला होमवर्क काय, तर आठवडाभर हे वाक्य गोळा करा. कोण बोललं, कुठे, कशावरून. शनिवारी दुपारी सरांच्या घरी आणून वाचायचं. आम्हाला वाटलं टाइमपास आहे. पण एकदा कान लागला ना, की ते वाक्य सगळीकडे ऐकू यायला लागतं. माझा दादा म्हणाला, बाकीची मंडळं रस्ता अडवतात, आमचं तसं नाही. हे तो मंडपाच्या बांबूला टेकून, रस्त्याच्या बरोबर मधोमध उभा राहून म्हणाला. ऑफिसातली मॅडम म्हणाली, बाकीच्या कंपन्या लोकांना वापरून फेकून देतात, आमचं तसं नाही, आणि त्याच दिवशी एकाला काढलं. सगळ्यात भारी आमच्या वर्गातल्या नीलेशचं होतं. नीलेशचे वडील रे रोडला लाकडाच्या वखारीत. त्यांच्या चाळीत मीटिंग झाली, चाळ धोकादायक आहे म्हणून. सगळे म्हणाले, बाकीच्या चाळी पडतील, आमची नाही पडणार, आमचं लाकूड बर्माचं, अस्सल सागवान. नीलेशचे वडील खाली मान घालून हसत होते. घरी आल्यावर म्हणाले, "पंचवीस वर्षं वखारीत आहे. गिरणगावात ज्याला विचारशील त्याची चाळ बर्माची. एवढं लाकूड बर्मात तरी होतं का?"

सर एवढे हसले की खाली बसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आता बघा. चाळीने म्हटलं तर ती बढाई. एका अख्ख्या देशाने तेच वाक्य पिढ्यान् पिढ्या म्हटलं, त्यावर पुस्तकं लिहिली, भाषणं ठोकली, लढायांना गेले, की त्याचा सिद्धांत होतो. ह्या वर्षी आपण तो शिकायचाय. अमेरिकेचं अपवाद असणं. टायपिस्ट, घेतलंस?"

त्या सिद्धांताचे ते तीन तुकडे करायचे. पहिला, आम्हाला देवाने निवडलं. दुसरा, आमच्याकडे राजे-सरंजामदार कधी नव्हतेच, त्यामुळे जगाच्या इतिहासाचे नियम आम्हाला लागू नाहीत. तिसरा, आमचा देश रक्ताने बनलेला नाही, एका विचाराने बनलाय, तो विचार मान्य करा आणि तुम्हीही आमचे. पहिल्या दोनांची सर जाम खिल्ली उडवायचे, नकला करायचे. तिसऱ्यावर आले की खडू हळू चालायचा. मला ते तेव्हा दिसलं होतं. कळलं नव्हतं.

सरांचे वडील परळच्या गिरणीत साच्याच्या खात्यात, म्हणजे मागांवर. लाल बावट्याचे. युनियनच्या वाचनालयात त्या काळी म्हणे मोठी भांडणं व्हायची. अमेरिकेत एवढे कामगार, मग तिकडे क्रांती का होत नाही? कोणीतरी म्हणायचं, त्यांचं वेगळं आहे. वडील खवळायचे. "पोट सगळ्यांक सारख्याच हा," एवढंच त्यांचं राजकीय तत्त्वज्ञान. सर सांगायचे, 'एक्सेप्शनलिझम', म्हणजे अपवाद असणं, हा शब्दही आधी डाव्यांच्या आपसातल्या भांडणात शिवीसारखा वापरला जायचा. शिवी कशी मेडल होते, त्यावर सरांचं एक अख्खं लेक्चर होतं. आता त्या गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आहे. सर कॉलेजला त्याच्या आवारातून शॉर्टकट मारायचे. सिक्युरिटीवाला रोज विचारायचा, "किधर जाना है अंकल?" सर रोज म्हणायचे, "साचे में." आणि तो रोज सोडायचा.

घर भोईवाड्यात, दुसरा मजला, दोन खोल्या. भिंतीवर अमेरिकेचा मोठा नकाशा, आणि त्यावर चार टिकल्या. सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या कपाळावरच्याच, मरून रंगाच्या. सायलीचं कॉलेज, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, आणि आता जिथे घर घेतलं ते. सायली ही सरांची एकुलती एक मुलगी, तेरा वर्षं तिकडे. काकी नकाशाला चहाचा हात लागू द्यायच्या नाहीत. आम्ही वाद घालायला लागलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "गे, आधी खावन घे. ह्येंची अमेरिका खंय पळान जाणा नाय."

सर स्वतः अमेरिकेला कधी गेले नव्हते. एकदा व्हिसाला गेले होते, टुरिस्ट. तो किस्सा ते दर बॅचला सांगत. काउंटरपलीकडच्या ऑफिसरने विचारलं, कशाला जायचंय? सर म्हणाले, "तीस वर्षं तुमच्या देशावर शिकवतोय. खरं आहे का, ते बघायचंय." दोन मिनिटांत रिजेक्ट. हे सांगताना सरांची मान अशी ताठ व्हायची की बस. आम्ही टाळ्या वाजवायचो.

आणि गाऱ्हाण्याचं लेक्चर. ते तर लेजंड होतं. कोकणात देवळात गावातला एक जाणता माणूस सगळ्या गावाच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालतो, आणि मागची मंडळी दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, ते गाऱ्हाणं. सर म्हणायचे, पहिली गोरी मंडळी बोटीतून तिकडे निघाली तेव्हा त्यांच्या पुढाऱ्याने बोटीवर जे प्रवचन दिलं, ते दुसरंतिसरं काही नव्हतं, गाऱ्हाणंच होतं. मग टेबलापुढे उभे राहायचे, हात जोडायचे आणि सुरू.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." आम्ही नऊ जण, बाकं वाजवत.

"आज ही तुझी लेकरां बोटीत बसान सातासमुद्रापार इली हत. हेंका राजा नको, जमीनदार नको, जुना कायेक नको..."

"व्हय म्हाराजा."

"सगळ्या जगान हेंच्याकडे बघीत ऱ्हवाचा, असा कर म्हाराजा. आणि जे आधीपासून थय ऱ्हवतत, ते ह्येंच्या डोळ्यांक दिसाक नको म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण वाकड्या नजरेन बघीत, तेका तुझ्या पायाखाली घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळेपर्यंत बाजूच्या वर्गातली पोरं दारात.

मी ते रेकॉर्ड केलं. मी सगळंच रेकॉर्ड करायचे, एकूण एकेचाळीस लेक्चर माझ्या यूट्यूब चॅनलवर टाकली होती. हे मात्र कापून पन्नास सेकंदांचं रील केलं. शेवटच्या 'व्हय म्हाराजा'वर, जिथे हशा सगळ्यात मोठा, तिथे कट. रील करणारा कोणीही तिथेच कापेल. दोन दिवसांत ते सगळीकडे. सरांना तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने दाखवलं, तेव्हा त्यांना आधी स्वतःचा आवाज ओळखू येईना, मग चार वेळा बघितलं. तिकडून सायलीने ते शेअर केलं, वर लिहिलं, 'माझे बाबा', पुढे तीन हार्ट. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या तीन हार्टवर आहे.

पुढच्या वर्षी काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि सायली तीन आठवड्यांच्या रजेवर आली, पाच वर्षांच्या ईशाला घेऊन. माझं एम.ए. संपलं होतं, तरी शनिवारी मी जायचेच. ऑपरेशन मस्त झालं. सायलीचा व्हिसा संपला होता आणि नवा शिक्का अमेरिकेबाहेरच्या वकिलातीतूनच घ्यावा लागतो, म्हणून तिने इथलीच मुलाखतीची तारीख घेतली होती. त्यात काही विशेष नव्हतं. तिच्या ऑफिसातले सगळे तसंच करतात. ती सकाळी गेली आणि दुपारी पासपोर्टशिवाय परत आली. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला होता. हातात एक चिठ्ठी. तपासणी बाकी आहे, कळवू. आणि सोशल मीडियाची सगळी अकाउंट्स उघडी ठेवा.

चिठ्ठी काकींनी फ्रिजवर लावली.

"किती दिवस?" सरांनी विचारलं.

"सांगत नाहीत. कोणाचं चार दिवसांत होतं, कोणाचं चार महिने." सायली हसली. तिचं हसू सरांसारखंच, एका बाजूने. "अहो बाबा, टेन्शन नका घेऊ. ज्यांच्या पेपरमध्ये गडबड असते त्यांचं लटकतं. आमचं तसं नाही. टॅक्स, घर, सगळं क्लीन आहे."

मी सरांकडे बघितलं, मला वाटलं आता हे उडवणार तिला. सरांनी डोळे मिटले. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी मिटले. आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मग ते आठवडे सुरू झाले. सायलीचा नवरा तिकडेच होता. तो इकडे आला तर तोही अडकणार, म्हणजे दोन नोकऱ्या आणि घर, सगळंच गेलं. ईशाला कसला प्रॉब्लेम नाही, ती तिकडे जन्मली, तिचा पासपोर्ट निळा, ती आत्ता उठून जाऊ शकते. फक्त ती पाच वर्षांची आहे. तिची शाळा सुरू झाली, तिचा वर्ग फोनवर दिसायचा, तिच्या रिकाम्या खुर्चीसकट. सायली इथल्या वेळेप्रमाणे झोपायची नाही आणि तिथल्याप्रमाणेही नाही. ऑफिस सांभाळून घेत होतं, पण त्यांच्या मेल दर आठवड्याला तुटक होत चालल्या होत्या.

आणि सर. सरांचं काय झालं ते सांगताना मला अजून कसंतरी होतं. एका शनिवारी मी गेले तर म्हणाले, आधी फोन दे. माझा फोन घेतला, सायलीचा, स्वतःचा, आणि तिन्ही स्वयंपाकघरात नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवले. वर झाकण.

काकी म्हणाल्या, "तांदळात ठेवल्यान तर ऐकाक येणा नाय?"

सायलीला हसू फुटलं, मलाही. सर नाही हसले. दार लावून घेतलं. चाळीत दुपारी कोणी दार लावत नाही, लावलं की अख्खी गॅलरी विचारते. अमेरिका हा शब्द ते आता बोलायचे नाहीत, 'तिकडे' म्हणायचे, आणि तेही नकाशाकडे पाठ करून. ईशा खेळताना मोठ्याने इंग्लिश बोलली तरी खिडकी ओढून घ्यायचे. टॉवरमधला शॉर्टकट सोडला, कारण तिथे कॅमेरे आहेत. मी म्हटलं, "सर, ते बिल्डरचे कॅमेरे आहेत, तिकडच्या सरकारचे नाहीत." तर म्हणाले, "तुला माहितीये?" आणि खरंच, मला कुठे माहीत होतं.

मी तोपर्यंत हसण्यावारी नेत होते. मग एक दिवस गॅलरीत सायलीने मला बाजूला घेतलं.

"ते रील तुझं ना?"

"हो. का?"

"मी शेअर केलं होतं. ऑफिसरने स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही, पण तो काहीतरी बघत होता. आणि विचारलं, वडील काय करतात?" ती गजाला धरून उभी होती. "त्याचा ह्याच्याशी काही संबंध नसेलही. पण दुसरं काय असेल, ते मला सुचत नाहीये. बाबांना नाही सांगितलं अजून."

खरं सांगते, त्या क्षणी मला सायली आठवली नाही, ईशा आठवली नाही. मला आठवलं की चॅनल माझ्या नावावर आहे. असा असतो तो भीतीचा प्रकार. एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

ती पुढे म्हणाली, "बाबांचा स्वभाव तुला वाटतो तसा नाहीये. तो व्हिसाचा किस्सा आहे ना त्यांचा? मी होते तेव्हा बरोबर. तसं काही बोलले नाहीत ते. काउंटरला गेले, तोंड कोरडं पडलं, कशाला जायचंय विचारलं तर नुसतं 'डॉटर' म्हणाले. दोनदा. बाहेर आल्यावर रस्त्यात बसले होते फुटपाथवर. जे बोलायचं होतं ते त्यांनी टॅक्सीत मला बोलून दाखवलं. मग तेच सांगायला लागले."

आणि मग तिने त्यांना सांगितलं. सांगावंच लागलं, कारण आठवडे सहाच्या पुढे गेले.

सरांनी मला बोलावलं, लॅपटॉप घेऊन ये म्हणाले. दुपारची वेळ, काकी काठी घेऊन घरातल्या घरात चालत होत्या. ईशा झोपलेली. सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काढून टाक," म्हणाले.

"रील केव्हाच काढलंय सर."

"सगळे काढ. एकेचाळीस."

सायली म्हणाली, "बाबा, बाकीच्यात काही नाहीये. लोक अभ्यासाला वापरतात ते."

"घाबरायचं तर नीट घाबरायचं," सर म्हणाले. "अर्धवट घाबरून उपयोग नाही. कुठलं वाक्य कोणाला टोचेल आपल्याला माहीत आहे का? नाही ना. मग सगळे."

"सर, ज्यांनी डाउनलोड केलेत त्यांच्याकडे राहणारच."

"राहू दे. आपण काढले, एवढं दिसलं पाहिजे."

मी एकेक काढायला घेतलं. पण प्रत्येक वेळी सर म्हणायचे, थांब, आधी लाव. आणि पहिली दहा-पंधरा सेकंद ऐकायचे. फळ्यावर खडूचा आवाज, नीलेशचं खोकणं, माझं मागून 'सर, झूम करू का', आणि मग सरांचा तो खणखणीत आवाज. मग मान हलवायचे आणि मी बटण दाबायचे. तीन तास लागले. गाऱ्हाण्याचं अख्खं लेक्चर आलं तेव्हा म्हणाले, हे पूर्ण लाव.

मी ते त्या दिवसानंतर पूर्ण ऐकलंच नव्हतं. मी जिथे कापलं होतं, तिथून पुढे व्हिडिओमध्ये सर हात जोडूनच आहेत. हशा ओसरलाय. ते म्हणतायत, "आणि म्हाराजा, ह्येंनी दिलेलो शब्द ह्येंनीच मोडल्यानी, तर तेची शिक्षा दुसऱ्या कोणाक नको, ह्येंकाच दी." आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणतो, जरा हळू. मग सर हात सोडतात आणि साध्या मराठीत म्हणतात, हसा तुम्ही, पण स्वतःच्या देशासाठी अशी शिक्षा आधीच मागून ठेवणारे लोक मला दुसरीकडे दिसले नाहीत. 'तुम्ही चुकलात' असं त्यांना सांगायला कोणीही यावं, अशी जागा त्यांनी ठेवली. माझी मुलगी तिथे आहे. मला रात्री झोप लागते ती ह्या ओळीमुळे.

हे मी कापलं होतं.

"सर, सॉरी," मी म्हटलं. मला रडू येत होतं, टाइप करताना पण येतंय.

"तू काय केलंस? तू पन्नास सेकंद घेतलीस," सर म्हणाले. स्क्रीनकडेच बघत होते. "मीही तुम्हाला हसवायचं तेवढंच शिकवलं. आणि पोरीला तिकडे पाठवलं ते पुढच्या भागाच्या भरवशावर. सगळे देश सारखे, सगळ्यांची चाळ बर्माची, असं तुम्हाला सांगायचो. आणि आत कुठेतरी धरून बसलो होतो की, नाही, तो एक देश तसा नाही." थांबले. "दाब."

मी दाबलं. सायली उठून गॅलरीत गेली.

पासपोर्ट आला. अकराव्या आठवड्यात, शिक्क्यासकट, एका शब्दाचं कारण न देता. रीलमुळे अडकला होता का, काढल्यामुळे सुटला का, का दोन्ही नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही, आणि मला वाटतं भीतीचं खरं काम तेच असतं. पेढे वाटले नाहीत. काकी आणायला निघाल्या होत्या, सरांनी अडवलं. शिक्का मिळाला म्हणजे आत घेतलंच असं नाही, तिकडे उतरल्यावर परत एक ऑफिसर असतो आणि तो तिथूनच परत पाठवू शकतो.

सायली पोचली, एवढं मला मेसेजवरून कळलं. नंतर पुनर्बांधणीसाठी चाळ रिकामी झाली, सर आणि काकी लांब कुठेतरी ट्रान्झिटच्या बिल्डिंगमध्ये गेले. कॉलेजला सरांनी शिकवायचं त्याआधीच सोडलं होतं. आता फोन उचलत नाहीत. उचलला तर काकी उचलतात आणि म्हणतात, "ह्ये निजलेत," सकाळी अकराला.

मी सरांना शेवटचं बघितलं ते सायली आणि ईशा परत जायच्या आदल्या दुपारी. सायलीला बॅगेचं एक कुलूप हवं होतं, ते द्यायला गेले होते. दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली ह्यांच्यामध्ये लाकडी पार्टिशन, त्याला ताटं द्यायला एक लहान चौकोन कापलेला. सर पार्टिशनच्या पलीकडे स्टुलावर बसले होते, चौकोनातून फक्त चेहरा दिसत होता. अलीकडे सायली उभी, हातात दोन पासपोर्ट. मला बघून तिने बोटाने खूण केली, थांब.

"फादर?" सरांनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हताच. सपाट, कंटाळलेला, परका.

"रिटायर्ड."

"रिटायर्ड फ्रॉम?"

"टीचर होते."

"इंग्लिशमध्ये."

"ही वॉज अ टीचर."

"टीचिंग व्हॉट?"

"बाबा, एवढं कोणी विचारत नाही."

"टीचिंग व्हॉट?"

"पॉलिटिक्स."

"नो. मॅथ्स."

"बाबा, खोटं कशाला. खोटं पकडलं तर..."

"मॅथ्स. परत."

ईशा खाली जमिनीवर चित्र रंगवत होती. वर न बघता म्हणाली, "आजोबा डझन्ट टीच मॅथ्स. आजोबा टीचेस अमेरिका."

सर स्टुलावरून जरा पुढे झाले. "इकडे ये गं राणी."

"तिला कशाला बाबा? तिला काही विचारत नाहीत. तिचा पासपोर्ट तिकडचा आहे, तिला नुसतं वेलकम होम म्हणतात."

"येऊ दे."

ईशा उठून आली. चौकोनाच्या कडेला तिची हनुवटी जेमतेम पोचत होती. सरांनी हात बाहेर काढला, सायलीच्या हातातून निळा पासपोर्ट घेतला, उघडला, फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, परत फोटो बघितला.

"व्हॉट डज युअर ग्रँडफादर टीच?"

तिने आईकडे बघितलं. आई खाली बघत होती.

"मॅथ्स," ईशा म्हणाली.

"लाऊडर."

"मॅथ्स."

सरांनी पासपोर्ट मिटला आणि चौकोनातून तिच्या हातात दिला.

"वेलकम होम," म्हणाले.